जळाले एक, बिघडले दुसरेच



विजेच्या एखाद्या उपकरणात जळून काळा पडलेला भाग दिसला, की आपण चटकन म्हणतो, "सापडला बिघाड!" मग तो भाग काढायचा, दुकानातून तसाच नवा आणायचा, डाख द्यायचा आणि बटण दाबायचे. पुष्कळदा तेवढ्याने काम भागतेही. पण कधी कधी नवा भाग जुन्यापेक्षाही लवकर जळतो. माझ्या हातून असे तीन नवेकोरे मॉसफेट जळाले आणि त्याला तीन सेकंदही लागले नाहीत. त्या फजितीची आणि नंतर सापडलेल्या खऱ्या दुखण्याची हकीकत आज तुम्हांला सांगतो. हकीकत आहे मोटारीतल्या ध्वनिविवर्धकाची, म्हणजे बोलीभाषेतल्या अँप्लिफायरची.

कऱ्हाड-पाटण रस्त्यावर वडापची जीप चालवणारा एक तरुण आमच्या शेजारी राहतो. यात्रेच्या हंगामाच्या तोंडावर तो एक जड, पंख्यापंख्यांची ॲल्युमिनियमची पेटी घेऊन माझ्याकडे आला.

"मास्तर, आवाज एकदम बंद झाला. फ्यूज बदलला की फ्यूज उडतो. परवापासून भाडी सुरू होतील, बघा ना काही होतंय का."

प्रवासी गाडीत गाणी किती मोठ्याने लावावीत हा वादाचा विषय आहे आणि त्याचे नि माझे त्यावर एकमत नाही. पण बिघडलेली वस्तू समोर आली की माझे हात शिवशिवतात. मी पेटी उघडली.

आत काय असते, ते आधी पाहू या. मोटारीची बॅटरी १२ व्होल्टची. ४ ओमच्या कर्ण्याला, म्हणजे स्पीकरला, सरळ १२ व्होल्टवर चालणारे साधे विवर्धक मंडल जोडले तर त्याचा विद्युत दाब मध्यापासून जास्तीत जास्त ६ व्होल्ट वर आणि ६ व्होल्ट खाली झुलू शकतो. अशा झुलत्या दाबाची शक्ती काढायची तर ६ चा वर्ग भागिले रोधाची दुप्पट: ३६ भागिले ८, म्हणजे ४.५ वॅट. एवढ्यात खोलीतला रेडिओ वाजेल. घाटातल्या जीपमध्ये इंजिनाच्या आवाजावर मात करायला तो अपुरा. कर्ण्याला १०० वॅट द्यायचे, तर दाब वर-खाली २८ व्होल्टांपर्यंत झुलला पाहिजे. हा आकडा तुम्ही स्वतः काढून पाहा. म्हणजे विवर्धकाला निदान +३० आणि -३० व्होल्टचा पुरवठा हवा. बॅटरीत तर १२ च आहेत.

दाब वाढवायला रोहित्र असते हे तुम्ही शिकला आहात. पण रोहित्राला बदलता प्रवाह लागतो आणि बॅटरी देते एकदिश प्रवाह. यावर उपाय असा, की बॅटरीचा प्रवाह चालू-बंद करून त्याचे तुकडे करायचे. रोहित्राच्या प्राथमिक वेटोळ्याच्या मधोमध बॅटरीचे धन टोक जोडतात. वेटोळ्याची दोन मोकळी टोके दोन दारांतून ग्राउंडला, म्हणजे बॅटरीच्या ऋण टोकाला मिळतात. आधी डावे दार उघडायचे, मग ते मिटून उजवे, पुन्हा डावे. प्रवाह एकदा इकडून, एकदा तिकडून वाहिला की रोहित्रातले चुंबकत्व उलटसुलट होत राहते. दोन माणसांनी ओढायची लांब करवत तुम्ही वखारीत पाहिली असेल. एकाने ओढायचे तेव्हा दुसऱ्याने हात सैल सोडायचा. अगदी तसेच.

हे उघडमीट सेकंदाला हजारो वेळा होते. घरातल्या विजेची कंप्रता ५० असते. या पेटीतली सुमारे ३५ हजार. कंप्रता वाढली की त्याच शक्तीसाठी रोहित्र लहान पुरते. म्हणून या पेटीत मुठीत मावणाऱ्या कड्यावर गुंडाळलेले रोहित्र दोनतीनशे वॅट पेलू शकते.

दारांचे काम करतात मॉसफेट. हा ट्रॅन्झिस्टरचाच एक प्रकार. १९५९ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत मोहम्मद अटाला आणि डॉन कांग या दोन शास्त्रज्ञांनी तो शोधला. आमच्या पेटीत एका बाजूला तीन आणि दुसऱ्या बाजूला तीन असे सहा मॉसफेट होते. आयआरएफझेड-४४ हे त्यांचे नाव. असल्या पेट्यांत हा अगदी नेहमी भेटतो. त्याला तीन पाय: गेट, ड्रेन आणि सोर्स. गेटला सोर्सपेक्षा सुमारे १० व्होल्ट जास्त दिले की ड्रेन आणि सोर्स यांच्यातली वाट पूर्ण मोकळी होते. गेटचा दाब शून्यावर आणला की वाट बंद.

आणि या गेटना हुकूम देते ती ड्रायव्हर बोर्ड नावाची छोटी पट्टी. मोठ्या बोर्डावर ती पुस्तकासारखी उभी रोवलेली असते. पट्टीवर टीएल-४९४ नावाची सोळा पायांची आयसी, दोन छोटे ट्रॅन्झिस्टर, थोडे डायोड, रोधक आणि धारित्रे. आयसीचे हे डिझाइन चाळीस वर्षांहून जुने आहे, पण अजूनही ते सर्रास दिसते. नाटकात पडदा ओढणारा माणूस दिसत नाही, तशीच ही पट्टीही कोणाच्या लक्षात येत नाही. माझ्याही आली नाही.

आता फजितीकडे वळू. मी मल्टिमीटर लावला. डाव्या बाजूच्या तिन्ही मॉसफेटांच्या ड्रेन आणि सोर्समध्ये रोध जवळजवळ शून्य! तिघे समांतर जोडलेले असल्यामुळे एक जरी आतून चिकटला तरी तिन्ही तसेच दिसतात. कोण दोषी हे काढूनच पाहावे लागते. काढले. दोन खलास, तिसरा संशयास्पद. एकाच्या गेटला जोडलेला ४७ ओमचा रोधकही करपलेला. मी तिघेही बदलले, रोधक बदलला आणि पेटी सरळ बॅटरीला जोडली. हिरवा दिवा लागला. तो तरुण हसला. तेवढ्यात 'फट्' असा आवाज झाला, जळका वास आला आणि दिवा विझला.

"काय झालं, मास्तर?"

"झालं काय, घाई झाली," मी म्हणालो. मॉसफेटचे पैसे त्याने दिले होते, ते मी परत केले आणि पेटी दोन दिवसांसाठी ठेवून घेतली.

पुढचे सांगण्याआधी एक ताकीद. हे काम मोठ्या माणसाच्या देखरेखीशिवाय करायचे नाही. बॅटरी १२ व्होल्टची म्हणून तिला भिडस्त समजू नका. तिची दोन टोके पान्ह्याने चुकून जोडली गेली तर शेकडो अँपिअर वाहतात, पान्हा लाल होतो, बोटातली अंगठी बोटासकट भाजते. शिवाय या पेटीतल्या मोठ्या धारित्रांत वीज काढल्यावरही भार शिल्लक असतो. १०० ओमच्या जाड रोधकातून तो आधी रिकामा करायचा, मीटरने शून्य पाहायचा आणि मगच हात घालायचा.

दुसऱ्या दिवशी मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. तुम्हीही वहीत माझ्याबरोबर आकृती काढा. प्रश्न असा होता: नवे, धडधाकट मॉसफेट तीन सेकंदांत मरतात, तर त्यांना मारते कोण? शक्यता दोन. एक तर पुढचे कोणीतरी, म्हणजे रोहित्र किंवा त्याच्या पलीकडचा विवर्धक, अतोनात प्रवाह ओढत असेल. नाही तर मागचे कोणीतरी, म्हणजे ड्रायव्हर बोर्ड, चुकीचे हुकूम देत असेल. पुढची बाजू तपासणे सोपे होते. रोहित्राच्या पलीकडच्या +३० आणि -३० च्या रेषांवर मीटर लावला; दोन्हीकडे ग्राउंडशी कुठेही जोड नव्हता, विवर्धकाचे ट्रॅन्झिस्टरही ठीक निघाले. संशय मागे सरकला.

मग सहाही मॉसफेट काढून टाकले. दारेच नाहीत म्हटल्यावर जळणार काय? पट्टी मात्र त्यांच्यावाचूनही चालते. याखेरीज बॅटरीच्या धन तारेत मी २१ वॅटचा एक बल्ब एकसरीत जोडला. मोटारीच्या ब्रेकचा दिवा असतो तोच. पहिल्याच दिवशी तो जोडला असता तर माझे मॉसफेट वाचले असते. प्रवाह थोडा असेल तेव्हा बल्बाची तार थंड असते आणि तिचा रोध अगदी कमी, प्रकाशमान तारेच्या सुमारे दहावा हिस्सा. प्रवाह वाढू लागला की तार तापते, रोध वाढतो आणि आत कितीही घोटाळा असला तरी पावणेदोन अँपिअरच्या पुढे प्रवाह जात नाही. ३० अँपिअरचा फ्यूज असल्या वेळी कुचकामाचा, कारण तो वितळेपर्यंत मॉसफेट जग सोडून गेलेला असतो.

आता आयसीच्या पायांवर एकेक करून दाब मोजला. १२ क्रमांकाच्या पायावर १२ व्होल्ट. हा तिचा पुरवठा. १४ व्या पायावर बरोबर ५. आयसी स्वतःच्या पोटात हा पक्का मापाचा दाब तयार करते. तो नसेल तर आयसी मेली असे खुशाल समजावे. ४ थ्या पायावर जवळजवळ शून्य. हा पाय लगामासारखा आहे. त्याचा दाब ३ व्होल्टांच्या वर नेला की आयसी दोन्ही हुकूम बंद करते आणि शून्याकडे आणला की पूर्ण मोकळीक देते. पेटी फार तापली तर संरक्षणाचे मंडल पुष्कळदा याच लगामाला हात घालते. ५ व्या आणि ६ व्या पायांवरचे धारित्र आणि रोधक मिळून आंदोलक चालवतात: १००० पिकोफॅरड आणि १५ किलोओम. त्यांचा गुणाकार १५ मायक्रोसेकंद. त्यावरून आंदोलकाची कंप्रता ७० हजारांच्या घरात येते. आयसी ही आंदोलने डाव्या आणि उजव्या बाजूंना आळीपाळीने वाटून देते, म्हणून प्रत्येक बाजूला ३५ हजार.

हुकूम बाहेर पडतात ९ व्या आणि १० व्या पायांवर. ते पाहायला ऑसिलोस्कोप हवा. माझ्याकडे तो नाही, आणि तुमच्या शाळेतही बहुधा नसेल. पण साधा मीटरसुद्धा इथे कामाला येतो. एकदिश दाबाच्या पट्ट्यावर ठेवलेला मीटर झरझर बदलणाऱ्या दाबाची सरासरी दाखवतो. हुकूम चालू असताना गेटच्या जागेवर ९.८ व्होल्ट येतात: १२ मधून आयसीत दीड जातो आणि वाटेतल्या डायोडमध्ये ०.७. हुकूम बंद असताना तिथे सुमारे ०.७ उरतात. दर आवर्तनात हुकूम ४५ टक्के वेळ चालू असतो. तर सरासरी किती? ९.८ चे ४५ टक्के ४.४ आणि ०.७ चे ५५ टक्के ०.४, मिळून ४.८ व्होल्ट.

मी उजव्या बाजूच्या मोकळ्या जागेवर मीटर टेकवला: ४.८. डाव्या बाजूला टेकवला: ४.८!

दोन्ही बाजू सारख्या, दोन्ही बरोबर. पट्टी निर्दोष! मग मॉसफेट मरतात कशाने? खरे सांगतो, त्या रात्री मी पेटी तशीच झाकून झोपायला गेलो.

उत्तर मॉसफेटच्या गेटमध्ये होते. गेट आणि आतला अर्धसंवाहक यांच्यामध्ये विद्युतरोधकाचा अतिशय पातळ थर असतो. दोन वाहक आणि मध्ये रोधक थर, म्हणजे काय झाले? धारित्र! या मॉसफेटच्या गेटची धारिता सुमारे १५०० पिकोफॅरड. तिघे समांतर, म्हणजे ४५००. गेट उघडायचे तर हे धारित्र भरावे लागते आणि मिटायचे तर रिकामे करावे लागते. भरायचे काम आयसी डायोडमार्गे जोरात करते. पण रिकामे करणे तिला जमत नाही. ती नुसता हात काढून घेते. रिकामे करायला पट्टीवर प्रत्येक बाजूला एक छोटा पीएनपी ट्रॅन्झिस्टर ठेवलेला असतो. त्याचा एमिटर गेटच्या रेषेला, बेस आयसीच्या पायाला आणि कलेक्टर ग्राउंडला. बेसपासून ग्राउंडपर्यंत १ किलोओमचा एक रोधक. आयसीने हात काढला की हा रोधक बेसला खाली ओढतो, ट्रॅन्झिस्टर वाहू लागतो आणि गेटचा भार क्षणात कलेक्टरवाटे ग्राउंडला जातो.

भार वाहून जाण्याची वाट अरुंद झाली तर काय होते, हे घरी करून पाहता येईल. १००० मायक्रोफॅरडचे, १६ व्होल्टचे धारित्र घ्या. ९ व्होल्टच्या सेलने ते भरा. धन-ऋण टोके मात्र बरोबर जोडा. सेल काढून धारित्राला १० किलोओमचा रोधक आणि मीटर जोडा. ९ वरून ३ व्होल्टांवर यायला सुमारे ११ सेकंद लागतील. आता पुन्हा भरून १०० ओमचा रोधक लावा. डोळ्याचे पाते लवते न लवते तोच मीटर शून्याकडे जाईल. रोध आणि धारिता यांचा गुणाकार जितका मोठा, तितका रिकामे व्हायला वेळ अधिक. आमच्या गेटचे धारित्र याच्या दोन लाखाव्या हिश्श्याहूनही लहान, पण नियम तोच.

आता मला सुचले: मी पट्टी तपासली ती मॉसफेट काढून. म्हणजे तिच्यावरचे ओझेच काढून टाकले होते! रिकाम्या जागेची धारिता नगण्य. ती रिकामी करायला ट्रॅन्झिस्टर असो वा नसो, १ किलोओमचा रोधक एकटा पुरतो. रिकामी गाडी चढावर नीट चढते म्हणून ब्रेक आणि क्लच उत्तम आहेत, असे आपण म्हणू का?

सकाळी उठून मी दोन्ही बाजूंच्या गेट आणि सोर्सच्या जागांवर ४७०० पिकोफॅरडचे एकेक धारित्र जोडले. तीन मॉसफेटांचे हे खोटे ओझे. किंमत अगदी किरकोळ, आणि जळायची भीती नाही. वीज दिली. उजवी बाजू: ४.८. डावी बाजू: ६.३!

सापडले. डाव्या बाजूचा दाब खाली यायला आळस करत होता, म्हणून त्याची सरासरी वर गेली होती. आकडाही जुळतो. धारित्र फक्त १ किलोओममधून रिकामे होत असेल तर गुणाकार येतो ४.७ मायक्रोसेकंद. एका आवर्तनाचे २८.६ मायक्रोसेकंद धरून हिशेब केला तर सरासरी दीड व्होल्टने वाढायला हवी, आणि ती बरोबर तेवढीच वाढलेली होती. म्हणजे डावा ट्रॅन्झिस्टर आपले काम करत नव्हता.

मॉसफेट का मरत होते, हे आता उलगडले. ९.८ व्होल्टांवरून ३ व्होल्टांपर्यंत, म्हणजे दार मिटू लागण्याच्या दाबापर्यंत, यायला डाव्या गेटला सुमारे ६ मायक्रोसेकंद लागत होते. डावीची पाळी संपून उजवीची सुरू होईपर्यंत मध्ये मोकळा वेळ असतो फक्त १.४ मायक्रोसेकंदाचा. म्हणजे डावे दार मिटण्याआधीच उजवे उघडत होते आणि दर आवर्तनात साडेचार-पाच मायक्रोसेकंद दोन्ही दारे उघडी राहत होती. करवतीची दोन्ही टोके एकाच वेळी ओढली तर करवत हलत नाही, फक्त दंड भरून येतात. इथेही तसेच. वेटोळ्याच्या दोन अर्ध्या भागांतून विरुद्ध दिशांनी प्रवाह जातो, त्यांचे चुंबकत्व एकमेकांना मारते आणि वेटोळे उरते ते केवळ तांब्याची तार म्हणून. बॅटरी आणि ग्राउंड यांच्यामध्ये अडवायला कोणीच नाही! त्यात डावे मॉसफेट अर्धवट मिटलेले, म्हणून सगळी उष्णता त्यांच्या पोटात. असे सेकंदाला ३५ हजार वेळा. तीन सेकंद तरी ते कसे टिकले, याचेच नवल.

मी वीज बंद केली आणि डाव्या ट्रॅन्झिस्टरच्या पायांना मीटर लावून तपासले. एमिटर ते बेस ०.६ व्होल्ट, कलेक्टर ते बेस ०.६ व्होल्ट. ट्रॅन्झिस्टर ठणठणीत! इथे कोणीही पुन्हा गोंधळात पडेल. मी परत वीज दिली, मीटरवर ६.३ पाहत राहिलो आणि आगपेटीच्या काडीने ट्रॅन्झिस्टरचे डोके हलकेच दाबले. आकडा एकदम ४.८ वर आला. काडी उचलली, पुन्हा ६.३.

भिंगाखाली पाहिले तेव्हा कलेक्टरच्या पायाभोवती डाखाला केसासारखी बारीक गोल चीर दिसली. पाय भोकात होता, पण डाखाशी त्याचा संबंध नव्हता. मीटरची टोके मी थेट पायांवर टेकवली होती, म्हणून ट्रॅन्झिस्टर चांगला दिसला. पाय आणि बोर्ड यांच्यामध्ये मी मोजलेच नव्हते. अशा चिरा का पडतात? तापल्यावर धातूचा पाय आणि बोर्ड सारख्या मापाने प्रसरण पावत नाहीत. रोज तापणे, रोज निवणे. त्यात उभी पट्टी आणि खाली घाटाचा रस्ता. प्रत्येक खड्ड्याला पट्टी डोलते आणि डाखाला हिसका बसतो.

अशा चिरेवर वरून नवा डाख फासू नये. चिरेच्या आत गंज असतो, त्याला कथील धरत नाही. जुना डाख पूर्ण शोषून काढावा, पाय खरवडून स्वच्छ करावा, राळ लावावी आणि मग नवा डाख द्यावा. कथील-शिशाचा डाख १८३ अंश सेल्सिअसला वितळतो, बिनशिशाचा सुमारे २१७ अंशांना. पाय आणि बोर्डावरचे तांबे दोन्ही एकदम तापले की डाख आपोआप पसरतो. मी पट्टीवरचे सगळेच पाय तपासले. उजव्या ट्रॅन्झिस्टरच्या डाखातही चीर सुरू झालेली होती. आणखी एका हंगामात तोही सुटला असता. सगळे नव्याने केले. खोट्या ओझ्यावर दोन्हीकडे ४.८.

त्यानंतर सहाही मॉसफेट नवे बसवले, एकाच बनावटीचे. मेलेले तीन, पण उरलेल्या तिघांनीही तो मार सोसलेला होता. मॉसफेटची धातूची पाठ ही आतून ड्रेन असते, म्हणून पाठ आणि ॲल्युमिनियमची पेटी यांच्यामध्ये अभ्रकाची चकती बसवून, दोन्हींत जोड नाही हे मीटरने पाहून मगच स्क्रू आवळले. बल्ब अजून तारेत होताच. वीज दिली: बल्ब क्षणभर उजळला, कारण मोठी धारित्रे भरत होती, आणि विझला. तो विझला नसता तर मी पुन्हा भिंग काढले असते. पलीकडे +३० आणि -३० मिळाले. बल्ब काढला, कर्णा जोडला, तासभर वाजवले. दोन्ही बाजू हाताला सारख्याच कोमट.

संध्याकाळी तो तरुण आला. कोणता भाग गेला होता, असे त्याने विचारले. मी त्याला भिंगातून जुन्या चिरेचा फोटो दाखवला.

"एवढ्यानं?" तो म्हणाला. मग पट्टीकडे पाहत म्हणाला, "मास्तर, हिच्याखाली स्पंज कोंबू का? डोलायची नाही."

कल्पना निम्मी बरोबर होती. स्पंजाने डोलणे थांबेल, पण उष्णता कोंडेल. आम्ही पट्टीची वरची कड शेजारच्या पत्र्याच्या कण्याला सिलिकोनच्या दोन थेंबांनी चिकटवली. सिलिकोन घेताना वास पाहून घेतला: व्हिनेगरसारखा आंबट वास येतो ते नको, त्यातल्या आम्लाने तांबे गंजते. रात्रभर सुकू दिले आणि सकाळच्या पहिल्या फेरीआधी तो पेटी घेऊन गेला.